पाण्याखालच्या बांधांची वही

 

ह्या वेळी रक्तदाब नाही, साखर नाही, गुडघेही नाहीत. ह्या वेळी नदीची गोष्ट सांगायची आहे. पण जन्मभर नर्सचं काम केलेलं, ती सवय कुठली सुटते? तेव्हा शेवटी औषधांवर येऊच, तेवढं सांभाळून घ्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. विस्कॉन्सिन राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी ला क्रॉस नावाचं गाव आहे. यार्देन नदीची सवय झालेल्या आमच्या डोळ्यांत ते पाणी मावेना. एके दिवशी जावयांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या लहानशा मोटरबोटीतून फिरायला नेलं. नदीत लाल आणि हिरवे बोये सोडलेले असतात. वरच्या अंगाला जाताना लाल उजव्या हाताला आणि हिरवे डाव्या हाताला ठेवायचे. त्या दोहोंच्या मधली वाट खोल, बोटींची. नातवाला बगळे जवळून पाहायचे होते, म्हणून शेजाऱ्यांनी बोट बोयांच्या बाहेर घेतली. पाणी कसं शांत, पसरलेलं. फक्त एका ठिकाणी काठापासून आत एक बारीक सुरकुती दिसत होती, इस्त्री न केलेल्या चादरीवर असते तशी. कोणी लक्ष दिलं नाही.

आणि खाडकन आवाज झाला! बोट थांबली, आम्ही पुढे आपटलो. इंजिनाचा पंखा वाकला आणि नातवाच्या कपाळाला खोक पडली. रुमाल दाबून धरला, रक्त थांबलं, टाक्यांची वेळ आली नाही. नशीब म्हणायचं. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, हेही सांगून ठेवतो.

आम्ही आपटलो होतो एका बांधावर. पाण्याच्या वर नाही बरं का, पाण्याखाली! तिकडे त्याला विंग डॅम म्हणतात. आपण त्याला पंख-बांध म्हणू. आपल्याला माहीत असलेलं धरण नदीला आडवं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत असतं. पंख-बांध काठापासून निघतो आणि नदीत थोडा आत जाऊन थांबतो. पाणी अडवणं हे त्याचं काम नाही. पाण्याला मधल्या वाटेकडे ढकलायचं, हे त्याचं काम. वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेगाचं पाणी तळाची वाळू स्वतःच उकरून नेतं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी जोरात जाते, तसंच. म्हणजे नदीकडूनच नदीचा तळ साफ करून घ्यायचा. काय डोकं आहे, नाही?

हे फार जुनं काम आहे. आगबोटी वाळूत रुतू नयेत म्हणून १८७८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने मिसिसिपीच्या वरच्या भागात साडेचार फूट खोल वाट राखायचं ठरवलं. १९०७ साली सहा फूट ठरली. काम लष्कराच्या इंजिनिअर खात्याचं. मजूर काठावरची विलोची लांब झुडपं तोडायचे, त्यांच्या जुड्या बांधून चटया करायचे, चटई जागेवर तरंगत नेऊन वर दगड टाकायचे की ती बुडायची. वर पुन्हा चटई, पुन्हा दगड. असे शेकडो बांध घातले. त्याच खात्यात हेन्री बॉसी नावाचे नकाशे काढणारे गृहस्थ होते. त्यांनी १८८३ पासून पुढे काही वर्षं नदीचे आणि ह्या कामांचे फोटो काढले. ते निळ्या रंगात, लंबगोल आकारात छापलेले आहेत. कुठे पुस्तकात मिळाले तर जरूर पाहा.

मग १९३० साली नऊ फुटांची वाट ठरली, म्हणजे पावणेतीन मीटर. त्यासाठी नदीवर ओळीने धरणं आणि बोटी वर-खाली नेणारे दरवाजे बांधले. पाणी चढलं, आणि जुने पंख-बांध त्याखाली गेले. दिसेनासे झाले, पण मेले नाहीत. पुष्कळसे अजूनही पाणी मधल्या वाटेला लावतात. त्यांच्या आसऱ्याला मासे राहतात, म्हणून गळ टाकणारी मंडळी त्यांना बरोबर ओळखून असतात. फक्त आमच्यासारख्या नवख्यांना ते कळत नाहीत.

त्या संध्याकाळी जावयांनी बोटीच्या खणातला नकाशा आणून टेबलावर पसरला. आणि काय सांगू, आम्ही जिथे आपटलो तिथे काठापासून आत जाणारी रेघ स्पष्ट काढलेली होती! नकाशा बोटीतच होता, आमच्या पायाशी. उघडून पाहिला नव्हता कोणीच.

आता खरी गंमत. नकाशावर एकदा रेघ काढली म्हणजे काम संपलं असं नाही. रेघ सांगते की इथे बांध आहे. तो आज कसा आहे, हे नाही सांगत. पूर येतो, थंडीतला बर्फ दगड ढकलतो, विलोच्या चटया कुजतात, माथा खचतो. टोकाशी पाणी खड्डा पाडतं. सगळ्यात वाईट म्हणजे नदी काठाच्या बाजूने बांधाला वळसा घालते. मग बांध उभाच्या उभा, पण निकामी! इकडे मधल्या वाटेत वाळू साचते आणि ती उपसायला यंत्रं आणावी लागतात. म्हणून प्रत्येक बांधाची नोंद ठेवायला लागते: कितव्या मैलावर, कोणत्या काठाला, लांबी किती, माथा किती खोल, दगड कुठे गेले, शेवटची तपासणी कधी, डागडुजी कधी.

मैल मोजतात ते ओहायो नदी मिसिसिपीला मिळते त्या केरो गावापासून उलट वर. ला क्रॉस येतं जवळजवळ ७०० व्या मैलाला. आणि काठ डावा की उजवा? नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून. हे ऐकून आम्हांला हसूच आलं. आम्हां नर्सेसना पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं की डावा पाय म्हणजे रोग्याचा डावा, तुमचा नव्हे!

खोली पूर्वी काठीने किंवा शिसं बांधलेल्या दोरीने मोजायचे. आता बोटीखालून आवाजाच्या लाटा सोडतात आणि त्या तळाला लागून परत यायला किती वेळ लागला त्यावरून तळाचं चित्र उभं करतात. म्हणजे नदीची सोनोग्राफीच. पण चित्र चांगलं आलं तरी एक प्रश्न उरतो. खोली मोजली ती कशापासून? साडेचार फुटांची वाट १८६४ च्या उतरलेल्या पाण्यापासून मोजलेली. आता धरणांनी पाण्याची पातळीच बदलली. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी लिहून चालत नाही. मुंबईत आमच्या लहानपणी ‘शंभर ताप’ म्हणजे जरासा ताप. इथे शंभर म्हणजे उकळतं पाणी! आकडा तोच, पण कुठल्या मापाने, हे लिहिलं नाही तर रोगी जायचा.

डागडुजीसुद्धा डोळे मिटून करत नाहीत. दगड टाकण्याआधी तिथे दुर्मिळ शिंपले आहेत का ते पाहतात. काही बांधांत मुद्दाम खाच ठेवतात, म्हणजे थोडं पाणी मागे जातं आणि माशांना जागा होते. मग ती खाचही वहीत लिहावी लागते. नाहीतर पुढचा माणूस ती मोडतोड समजून बुजवायचा!

वहीचं महत्त्व आम्हांला बोटीत नव्हतं शिकायचं. चाळीसेक वर्षांपूर्वी, रात्रीचं ऑपरेशन. पोट शिवायची वेळ झाली आणि गॉजच्या पट्ट्या मोजल्या तर एकोणीस. दिल्या होत्या वीस. डॉक्टर थकलेले, म्हणाले, मोजताना चुकलं असेल. आम्ही म्हटलं, वहीत वीस आहेत. पुन्हा मोजल्या, एकोणीस. डॉक्टर जरा रागावले, पण थांबले. पुन्हा हात घालून पाहिलं, आणि विसावी निघाली. पोटातच होती. त्या वेळी आम्ही तरुण होतो, आवाज थरथरत होता. पण वही थरथरत नव्हती.

दिसतं त्याची काळजी कोणीही घेतो. जे पाण्याखाली किंवा कातड्याखाली गेलं, त्याला वहीशिवाय वाली नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे औषधं. आमच्या वयाच्या मंडळींनो, तुमच्या फ्रिजवर गोळ्यांची यादी असेल. तिच्यावर तारीख आहे का? बंद केलेली गोळी खोडली आहे का? कोणी बंद केली आणि का, हे लिहिलं आहे का? नसेल तर ती यादी जुन्या नकाशासारखी आहे. रेघ आहे, पण भरवसा नाही. आजच नवी करा आणि डॉक्टरांकडे जाताना न्या. आमच्यासारखी पायाशी ठेवू नका.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी काम. वाळूत एक लांब चर करा, त्यात हळू पाणी सोडा. मग एका काठाला चार खडे ओळीने ठेवून पाहा, वाळू कुठून वाहून जाते आणि कुठे साचते. आमच्या नातवाने केलं, कपाळाला पट्टी असताना! चित्र काढा, आणि खाली तारीख घालायला विसरू नका.

पुढच्या अंकात भेटूच. लोभ असावा.