चार मिनिटांची बचत

मध्य रेल्वेवरच्या ज्या उपनगरात आमची निम्मी हयात गेली, तिथे रुळांलगतच्या भिंतीला एक खिंडार होतं. रेल्वे ते बुजवायची आणि आठवड्याभरात कुणीतरी ते पुन्हा पाडायचं. हा ‘कुणीतरी’ कोण, याची चौकशी करण्याची कुणाला गरज वाटत नसे. कारण सकाळच्या गाडीसाठी आम्ही सगळेच त्यातून जायचो. पूल होता, नव्हता असं नाही. पण तो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर चालायचं, पायऱ्या चढायच्या, भाजीवाल्यांच्या टोपल्या चुकवत पलीकडे जायचं, पुन्हा उतरायचं. खिंडारातून गेलं की चार मिनिटं वाचायची. चार मिनिटांत एक लोकल जाते आणि लोकलबरोबर मस्टरवरची वेळेतली सही जाते, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

रूळ ओलांडणारे कोण असत? बँकेतले आम्ही, मंत्रालयातले कारकून, शाळेतल्या बाई, कडेवर पोर घेतलेली एखादी आई. दंगेखोर, बेफिकीर असं त्यांत कुणी नव्हतं. सगळी नाकासमोर चालणारी माणसं. फक्त ती रुळांवरून चालत होती.

आमच्या शाखेत एक रोखपाल होते. नाव लिहीत नाही. नोटांचं बंडल दोनदा मोजल्याशिवाय सही न करणारा माणूस. १९९४ च्या जुलैत एका सकाळी पाऊस तिरका येत होता म्हणून त्यांनी छत्री तोंडासमोर धरली होती. धिम्या मार्गावरून गाडी येताना दिसली, तेव्हा ते थांबले. एवढी काळजी त्यांनी घेतली. ती गाडी गेली आणि ते निघाले. शेजारच्या जलद मार्गावरून दुसरी येत होती. पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून गेला.

महिन्या-दीड महिन्याने त्यांची पत्नी खातं बंद करण्यासाठी शाखेत आली. पासबुक, मृत्यूचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवून ती बसली. पंचनाम्यात ‘रूळ ओलांडत असताना’ असे शब्द होते. तिने विचारलं, “साहेब, रेल्वेकडून काही मिळेल का?” रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीतून पडलेल्या प्रवाशासाठी भरपाईची तरतूद आहे, रूळ ओलांडणाऱ्याच्या घरच्यांच्या हाती सहसा काही पडत नाही. हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? ‘चौकशी करतो’ म्हणालो आणि चहा मागवला.

त्या रात्री मी हिशेब मांडला. बँकेतल्या माणसाला दुसरं येतं काय! रोज जाता-येता मिळून आठ मिनिटं, वर्षाचे तीनशे दिवस, नोकरीची वीस वर्षं. अठ्ठेचाळीस हजार मिनिटं, म्हणजे आठशे तास, म्हणजे तेहतीस दिवस. वीस वर्षं रोज जीव गहाण टाकून कमावलेलं व्याज तेहतीस दिवसांचं.

एवढा हिशेब कळल्यावर मी काय केलं? तेरा दिवस पुलावरून गेलो. चौदाव्या दिवशी उशीर झाला आणि खिंडारातून वाकून पलीकडे गेलो.

आपल्याला भीती वाटत नाही, याचं एक कारण डोळ्यांत आहे. मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा हळू आल्यासारखी वाटते. त्यातून ती समोरून येत असेल तर डावी-उजवीकडे सरकत नाही, नुसती आकाराने वाढत जाते. ताशी नव्वद किलोमीटरने येणारी लोकल सेकंदाला पंचवीस मीटर कापते. हातात पिशवी घेऊन, खडीवर पाय सांभाळत चार रूळमार्ग ओलांडायला दहा सेकंद तरी लागतात. तेवढ्यात ती अडीचशे मीटर पुढे आलेली असते. मोटरमनला चाक वळवता येत नाही आणि आणीबाणीचा ब्रेक मारला तरी गाडी काहीशे मीटर जातेच. ‘मी रुळांवर नाही, रुळांच्या कडेने चालतोय’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर आणि लोकलच्या डब्याची रुंदी ३.६६ मीटर. म्हणजे डबा दोन्ही अंगांना रुळाच्या बाहेर जवळजवळ एक मीटर असतो. शिवाय पूर्वी रुळांच्या सांध्यांवर होणारी ती ओळखीची खडखड, रूळ जोडून अखंड केल्यावर बरीचशी गेली. प्रवाशांची सोय झाली, पण चालणाऱ्याचा एक पहारेकरी कमी झाला.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ साली दिलेल्या अहवालात देशभरात असे वर्षाला सुमारे पंधरा हजार मृत्यू होत असल्याचं म्हटलं होतं. त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. कोणताही सुसंस्कृत समाज हे हत्याकांड सहन करणार नाही, अशा अर्थाचं समितीने लिहिलं होतं. आपण केलं.

पुलांची कथा आणखी वेगळी. रुळांवर निदान बाजूला उडी मारता येते. रेल्वेच्या लांब पुलावर एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ठरावीक अंतरावर कठड्याबाहेर छोट्या जागा काढलेल्या असतात, पण त्या काम करणाऱ्या गँगमनसाठी; आणि झेंडी हातात असलेली, गाड्यांच्या वेळा ठाऊक असलेली ती माणसंही कधीकधी सापडतात. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये वसईच्या खाडीत पाणजू नावाचं बेट आहे. होडीने जायचं नाही तर रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत जायचं, अशी तिथल्या लोकांची तऱ्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथून चालणाऱ्या एका तरुणाला लोकलमधून खाडीत निर्माल्य म्हणून भिरकावलेला नारळ डोक्याला लागला आणि तो दगावला. ज्याने तो भक्तिभावाने टाकला, त्याला त्या दिवशी पुण्यच लाभलं असेल असं वाटलं असणार.

‘आता गाडी येणार नाही’ हा भरवसा तर सगळ्यांत वाईट. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवरच टेकले आणि झोपले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत. पहाटे मालगाडी आली. त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. पुन्हा तीच दुसरी गाडी.

लोकांना शिस्त नाही, हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पूल वापरा म्हणणं सोपं आहे, पण २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडला जी तेवीस माणसं चेंगरून मेली, ती पुलावरच होती. माझ्या मते भिंतीतलं खिंडार हा नागरिकांनी केलेला अर्जच असतो. पूल इथे हवा, असा. आपण अर्ज दरवर्षी विटांनी बुजवतो. तिथे रुंद पूल आणि सरकता जिना बांधा, आणि मग खुशाल दंड करा. मी स्वतः पावती फाडून घेईन.

माझं म्हणाल, तर मला ना त्या रोखपालांनी सुधारलं, ना आकड्यांनी. १९९६ ची गोष्ट. एका रविवारी सकाळी पेपर आणायला निघालो होतो. पलीकडच्या बाजूला चित्रकलेचा क्लास असे. खिंडाराशी माझा नऊ वर्षांचा मुलगा उभा होता आणि धाकटीचा हात धरून तिला सांगत होता, “आधी ही गाडी जाऊ दे, मग पळायचं. बाबा तसंच करतात.”

मी दोघांना घेऊन पुलाकडे वळलो. चित्रकलेच्या क्लासला त्या दिवशी उशीर झाला. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं.