स्वाभिमानाला शत्रू लागत नाही

भाषा, जात, धर्म, प्रांत, कशाचाही अभिमान जागवायचा म्हटला की आधी कुणीतरी शत्रू उभा केला जातो. ‘त्यांना’ खाली खेचल्याखेरीज ‘आपण’ वर येणार नाही, हे जणू ठरूनच गेले आहे. ही समजूत खोटी आहे, आणि तिची किंमत दोन्हीकडची साधी माणसे मोजतात.

आपपरभाव किती चटकन रुजतो, हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवले. त्यांचे घरचे लोक नाझींच्या वंशसंहारात बळी पडले होते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. निमित्त क्षुल्लक होते: चित्रे क्लेची आवडतात की कांदिन्स्कीची. मग दोन्ही गटांतल्या निनावी मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितले. आपल्या वाटपातून वाटणाऱ्याच्या स्वतःच्या पदरात काहीच पडणार नव्हते. तरी, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळावे, याकडेच मुलांचा कल राहिला.

ही वृत्ती कशाने चेतते, याचा शोध अमेरिकेत फाइन आणि स्पेन्सर या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना, तुम्ही बुद्धिमत्ता चाचणीत कमी पडलात, असे मुद्दाम सांगितले गेले. नोकरीसाठी आलेली तरुणी ज्यू आहे असे समजल्यावर या विद्यार्थ्यांनी तिला अधिकच कमी लेखले, आणि तसे केल्यावर त्यांना स्वतःबद्दल बरे वाटू लागले. याच अभ्यासातल्या आणखी एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या मूल्याविषयी लिहायला लावले होते. त्यांच्यात हा दुजाभाव उरला नाही. स्वतःची किंमत कळलेल्या माणसाला दुसऱ्याची किंमत पाडण्याची गरज पडत नाही.

महाराष्ट्राने याचा थोर दाखला १९२७ मध्येच पाहिला आहे. महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, मान ताठ ठेवायला शिकवले. अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तेव्हा त्यांनी अनुयायांना संयम पाळायला लावला. पुढे, ब्राह्मणांना लढ्यातून वगळा म्हणजे पाठिंबा देतो, अशी अट ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी घातली. आंबेडकरांनी ती फेटाळली. लढा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मणांशी नाही, ही त्यांची भूमिका होती. मनुस्मृती दहनाचा ठराव त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने. शतकानुशतके ज्यांना हिणवले गेले, त्यांचा स्वाभिमान कुणाच्याही द्वेषावाचून उभा राहिला.

काम न मिळालेल्या, परीक्षेत मागे पडलेल्या, पदोपदी अपमान गिळणाऱ्या तरुणाला शत्रूचे नाव सांगणे सोपे असते. त्याला शिक्षण, काम आणि मान मिळवून देणे कष्टाचे असते. पहिले करणारा पुढारी त्याच्या जखमेवर आपले राजकारण चालवतो. दुसरे करणाराच त्याचा आणि त्याच्या समाजाचा खरा हितकर्ता होय, आणि मागे उभे राहायचे ते त्याच्याच.