शाल-श्रीफळ आणि टोपली

सुरतेतील महाविद्यालयांचा क्रीडाहंगाम संपला की एक ठराविक देखावा आमच्या नजरेस पडतो. बास्केटबॉलच्या एखाद्या विजयी संघात आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी असते. देवळाच्या सभामंडपात सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, लांबलचक भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी तीच मुले चेंडू घेऊन देवळामागील मोकळ्या जागेत आली, तर त्यांस हाकलून देण्यात येते. हा दुटप्पीपणा आता पुरे झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप असा की हा खेळ परका, त्यातही मिशनऱ्यांचा. हे खरे आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती युवक संघाच्या विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर सज्ज्याच्या कठड्यास ठोकल्या. वर्गात अठरा विद्यार्थी; नऊ-नऊ जणांचे दोन संघ. टोपलीस बूड होते, म्हणून चेंडू पडला की कोणी तरी वर चढून काढावयाचा! पहिल्या सामन्यात गोल झाला तो एकच. तरीही १८९२ च्या जानेवारीत खेळाचे तेरा नियम विद्यालयाच्या पत्रात छापले गेले, आणि पुढे वर्षभरातच स्मिथ महाविद्यालयाच्या मुली तो खेळू लागल्या. महाविद्यालयीन संघाचा याहून संस्मरणीय हंगाम आम्हांस ठाऊक नाही. नेस्मिथ हा धर्मशास्त्राचा पदवीधर होता. धर्मसंस्थेने आपल्याच इमारतीत टोपली टांगली, एवढाच त्या कथेतील आमच्या कामाचा भाग.

आणि परकेपणाची तक्रार सुरतेत बसून करावी? १६१३ साली जेथे इंग्रजांची वखार झाली, त्या बंदरात? एकादशीच्या फराळातील बटाटा, मिरची व साबुदाण्याचा कंद ही सारी समुद्रापलीकडचीच. त्यांना कोणी देवळाबाहेर काढल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय मारुतीचे देऊळ आणि तालीम यांची जोडी ही समर्थांपासूनची आपली रीत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत आपले खेळ नेले, ते मारुतीचेच नाव घेऊन. ही रीत आपण विसरलो, दुसऱ्यांनी पाळली. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनने काढलेल्या नेबरहूड हाऊसच्या मैदानावर गोरगरिबांची पोरे खेळली. त्याच नागपाड्यातून अब्बास मुन्तसिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तेथे आधी मैदान झाले, सत्कार मागाहून.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. चेंडूच्या आवाजाने देवाची शांती भंगते म्हणतात! त्याच आवारात लग्नसराईत कर्णे वाजतात आणि मोटारी उभ्या राहतात, तेव्हा देव बहुधा शयनास गेलेला असावा. आम्ही आरतीच्या वेळी खेळा असे म्हणत नाही. सकाळच्या पूजेनंतर, किंवा सायंकाळच्या आरतीपूर्वी दोन तास, एवढेच मागतो.

जागेचे म्हणाल तर पूर्ण मैदानास अठ्ठावीस मीटर लांबी व पंधरा मीटर रुंदी लागते हे कबूल. परंतु तीन-तीन खेळाडूंचा जो प्रकार २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकात आला, त्यास एकच टोपली आणि पंधरा गुणिले अकरा मीटर जागा पुरते. उधना-लिंबायतच्या अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्या खानदेशी यंत्रमाग कामगारांच्या मुलांना ती घरापाशी कोठून मिळावी? मुलींची अडचण तर त्याहून मोठी. आईबाप त्यांना दूरच्या मैदानावर संध्याकाळी पाठवीत नाहीत, देवळात मात्र निःशंक पाठवतात.

विश्वस्तांस आमची विनंती एका खांबाची, एका फळीची व एका कड्याची आहे. पुढील सत्काराचे निमंत्रण आले म्हणजे आम्ही सभामंडपात शिरण्यापूर्वी देवळामागे जाऊन पाहणार आहोत.