इंग्रजीसाठी थांबू नका, मराठीतूनच स्पॅनिश शिका

यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, कुठल्याही गावातल्या ज्या मुलामुलींना स्पॅनिश शिकावीशी वाटते, त्यांना कळकळीची विनंती आहे. 'आधी इंग्रजी पक्कं होऊ द्या, मग बघू' असं म्हणत वर्षं घालवू नका. वीस देशांची ही राजभाषा मराठीतून थेट शिकता येते, आणि काही ठिकाणी तर इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार जास्त भक्कम आहे. भविष्यकाळ हे त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण.

'आब्लार' म्हणजे बोलणे. हे क्रियापद मोडायचं नाही, अख्खंच्या अख्खं ठेवायचं आणि पुढे प्रत्यय लावायचा. मी बोलेन: आब्लारे. तू बोलशील: आब्लारास. तो किंवा ती बोलेल: आब्लारा. आम्ही बोलू: आब्लारेमोस. ते बोलतील: आब्लारान. 'तुम्ही'साठी स्पेनमध्ये आब्लारेइस म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तिथेही आब्लारानच चालतं, म्हणून सुरुवातीला पाच रूपं पुरेत.

आता आपली रूपं शेजारी ठेवून पाहा. 'बोलशील' म्हटलं की 'तू' वेगळा सांगावा लागत नाही. घरी वऱ्हाडीत 'कवा येशीन?' विचारलं, तरी कोणाला विचारलं ते कळतंच. हिंदीत बोलूंगा-बोलूंगी असा फरक करावा लागतो. मराठीत मुलगा आणि मुलगी दोघंही 'बोलेन'च म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये दोघंही 'आब्लारे'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'विल', त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला प्रत्ययाची ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते. तुम्हाला ती बोलायला लागल्यापासून आहे.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. आई घरात दिसत नाही, तेव्हा आपण म्हणतो, 'शेतात असेल.' रूप भविष्याचं, पण बोलतोय आत्ताबद्दल, अंदाजाने. स्पॅनिश माणूसही हेच करतो. 'एस्तारा एन कासा' म्हणजे 'घरी असेल'. 'सेरान लास सिंको' म्हणजे 'पाच वाजले असतील'. पुस्तकांत हा वापर बराच मागे, अवघड म्हणून दिलेला असतो. मराठी मुलाने तो पहिल्याच आठवड्यात बोलून बघावा. आणि आपल्याकडे जसं 'बोलेन'बरोबर 'बोलणार आहे' चालतं, तसं तिकडे 'बोय आ आब्लार' आहे. रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येईल.

जपायचं ते जोर कुठे पडतो याला. 'आब्लारा'मध्ये जोर शेवटच्या 'रा'वर हवा. तो 'ब्ला'वर पडला तर शब्द जर-तरच्या अर्थाकडे जातो. लिहिताना म्हणूनच शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. फक्त 'आब्लारेमोस'वर ती नसते. ही रूपं मनात वाचून उपयोग नाही, मोठ्याने म्हणा. त आणि द आपले दंत्यच ठेवा, इंग्रजीच्या वळणाने ट-ड करू नका.

पांढरकवड्याकडची कोलाम मुलं घरी कोलामी आणि शाळेत मराठी बोलतात. तांड्यावरची मुलं गोरमाटी, मराठी, हिंदी सहज बदलतात. त्यांच्या पालकांना मुद्दाम सांगतो, तुमच्या मुलांना 'भाषेत कच्ची' म्हणू देऊ नका. एकीतून दुसरीत जाण्याचा जो सराव इतरांना करावा लागतो, तो त्यांचा रोजच होतो.

आज वहीत 'आब्लार' लिहा. उद्या 'कोमेर', म्हणजे जेवणे. परवा 'बिबिर', म्हणजे जगणे, राहणे. तिन्हींचे शेवट वेगळे, पण भविष्याचे प्रत्यय तेच: कोमेरे, बिबिरे. अनियमित क्रियापदं जेमतेम डझनभर आहेत, आणि त्यांच्यातही बदलतो तो धातू; प्रत्यय हेच राहतात. ती दुसऱ्या महिन्यात घ्या.