सुट्टी मिळेल, निवांतपण कोण देणार?

रविवार म्हटलं की खोपोलीच्या शिळफाट्यावर (कल्याणजवळच्या नव्हे!) लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते. जगाची सुट्टी ती इथल्या तरुणांची ड्युटी. हॉटेल, रिसॉर्ट, पेट्रोल पंप, सगळ्यांचा धंदा शनिवार-रविवारचाच. अशात ख्रिस्ती घरातल्या मुलांची पंचाईत होते. उपासनेची वेळ आणि शिफ्टची वेळ एकच! मग बायबलमधलं ‘विपुल जीवन’ जगायचं कधी?

प्रश्न फक्त ख्रिस्ती तरुणांचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक, आणि रविवार हा खंडोबाचाही वार. म्हणजे ही सुट्टी कुणी आयती दिलेली नाही आणि ती कुठल्या एका धर्माचीही नाही.

आज मात्र वारं उलटं वाहतंय. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास आणि रविवारीही काम करण्याबद्दलचं वक्तव्य गाजलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, त्यामुळे कागदावर चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी असंही होऊ शकतं. पण ओव्हरटाइमची मर्यादाही तिमाहीला ११५ वरून १४४ तासांवर नेलीय. खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात १२ तासांत जाण्या-येण्याचा वेळ मिळवला, तर हातात उरते फक्त झोप.

बरं, सुट्टी मिळाली तरी फोन सुटतो का? कामाचा ग्रुप, रील्स, स्टेटस... कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं. तसा कायदा झाला, तरी तो साहेबाचा फोन थांबवेल. आपलं स्क्रोलिंग नाही!

लूकच्या शुभवर्तमानातली मार्था आठवा. येशू घरी आलेला, ती स्वयंपाकपाण्यात गढलेली आणि बहीण मरिया त्याच्यापाशी ऐकत बसलेली. येशू मार्थाला टोकतो, पण काम करते म्हणून नव्हे. तिचं मन शंभर ठिकाणी विखुरलंय म्हणून. त्यामुळे रविवारी हॉटेलात ताटं लावणारा कमी ख्रिस्ती ठरत नाही. आणि चर्चच्या बाकावर बसून नोटिफिकेशन बघणारा जास्त ठरत नाही.

कवी ना. वा. टिळकांच्या आयुष्याला वळण मिळालं तेच मुळी रेल्वेच्या डब्यात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना सहप्रवासी गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या, त्याने ‘नवा करार’ हाती दिला आणि १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोघांच्याही कानांत इअरफोन असते तर?

विपुल म्हणजे गच्च भरलेलं नव्हे. कामाच्या तासांसाठी भांडावंच लागेल, लोखंडे भांडले तसं. पण रविवारी ड्युटी असेल तर बुधवारी रात्रीचा अर्धा तास आपला आपणच राखायचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रार्थनेला असो, आईशी बोलायला असो. त्याला कुठल्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.