‘एसटीनं फिरणारा आमदार’ आता पुरे



काल ३० जुलै. पहाटेपासून ढगाळ, अधूनमधून भुरभुर. डाळिंबाला मृग बहार धरलाय, सेटिंग बरी झालीय आणि नेमकं असलं हवामान म्हणजे तेल्याला आवतणच. दुपारपर्यंत ओळीनं फिरून डागाळलेली फळं काढली. बांधावर टेकलो, मोबाईल उघडला तर सगळ्या ग्रुपवर एकच फोटो. गणपतराव आबा. खाली ठरलेला मजकूर: एसटीनं फिरणारा आमदार, अकरा वेळा निवडून आलेला, असा माणूस पुन्हा होणे नाही.

२०२१ ला आबा गेले, तेव्हापासून दर ३० जुलैला हेच चालू आहे. मला राग येतो, स्पष्टच लिहितो. आबांचा नाही, आपला.

आपण त्यांचा देव करून टाकला. देव केला की सोय होते. हार घातला की आपलं काम संपलं, आणि आत्ताच्या आमदाराला काही विचारायला नको, कारण ‘तसा माणूस आता कुठं मिळायचा?’ एसटीचं कौतुक करणारे आम्हीच आमदाराच्या गाड्यांचा ताफा गावात आला की व्हिडिओ काढायला पुढं असतो.

साधेपणा खराच होता, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या साधेपणावर कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा वकील सांगोल्यात येतो, १९६२ ला शेकापकडून निवडून येतो आणि २०१९ पर्यंत मतदारसंघही बदलत नाही, पक्षही बदलत नाही. सत्तेतला पक्ष नव्हे हां. मंत्रिपद दोनदाच मिळालं, १९७८ ला आणि १९९९ ला, तेही थोड्या थोड्या काळासाठी. बाकी सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. (ते ‘जगात सगळ्यात जास्त वेळा आमदार’ वालं फॉरवर्ड करू नका. करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा निवडून आलेत. आबांना खोट्या विक्रमाची गरज नाही.)

आणि ते पडलेतसुद्धा, हे कुणी लिहीत नाही. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून पडले. किती मतांनी? १९२.

आता माझं सांगतो. १९९५ ला मी बावीस वर्षांचा होतो. वडील शेकापचे, लाल झेंड्याचे. मी आणि वस्तीवरची आठ-दहा पोरं ‘म्हातारा किती दिवस, आता बदल पाहिजे’ म्हणत उलटं मतदान करून आलो. बदल मागणं हा काही गुन्हा नाही, लोकशाहीच आहे ती. पण आम्ही पाण्याचा हिशोब मांडून मत दिलं नव्हतं. नवीन चेहरा, नवीन घोषणा, जीपमधून फिरायला मिळालं, एवढंच. निकालाच्या रात्री वडील जेवले नाहीत. मला काही बोललेही नाहीत. १९२ हा आकडा मी तेव्हापासून विसरलेलो नाही. आमच्यासारख्या पाच-दहा वस्त्यांचा तो खेळ होता.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं आमदार होते तर तालुक्याला पाणी का नाही आलं? विरोधक हा प्रश्न कायम विचारायचे. प्रश्न चुकीचा नाही, तो विचारलाच पाहिजे. फक्त उत्तर पूर्ण ऐकायची तयारी ठेवा. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं, ते २००० सालापर्यंत वापरात आणायचं होतं. कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं १९९६ ला. तिजोरीची किल्ली विरोधी बाकावरच्या आमदाराकडं नसते. त्याच्याकडं एकच हत्यार असतं, तोच तोच प्रश्न कंटाळा न करता विचारत राहणं. १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी आणि आबांनी दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद दरवर्षी भरवली ती याचसाठी. आमदारकी असो नसो. तिथं ना डीजे, ना जेवणावळ. ठराव, आकडे आणि उन्हात बसलेली माणसं. त्याचे फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.

टेंभूचं पाणी कऱ्हाड तालुक्यातून टप्प्याटप्प्यानं उपसून माण नदीत येतं, ते या रेट्यातून. उशिरा आलं, फार उशिरा. तोवर माझ्या रानात सहा बोअर झाले आणि त्यातले चार कोरडे गेले.

२०१९ ला आबा उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले, शहाजीबापू आमदार झाले. २०२२ ला गुवाहाटीतून केलेल्या एका फोनमुळं आपला तालुका देशभर गाजला. झाडी, डोंगार, हाटील. आम्हीही हसलो, रिंगटोन लावल्या. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. सभागृहात त्या पक्षाचे ते एकटेच आमदार. आता त्यांनाही आम्ही ‘आबांचा नातू’ या एका शब्दावर पाच वर्षं सोडून देणार का? आडनाव बघून आवर्तन सुटत नसतं. बापूंना जे विचारायचं होतं तेच ह्यांनाही विचारायचं: टेलला पाणी किती दिवस आलं, ठरल्याप्रमाणं आलं का, आणि आलं नसेल तर सभागृहात त्यावर किती वेळा बोललात?

पण विचारायला आपले हात स्वच्छ पाहिजेत. उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं, १९ टक्के आपण भरायचे. गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीवर अकरा जणांना विचारलं, पाणी मागणीचा नमुना ७ कुणी भरला? दोघांनी. बाकीचे म्हणाले, ‘पाणी आलं तर घेऊ की.’ कागदावर मागणीच नाही तर आमदार भांडणार कशाच्या जोरावर? ह्याच नऊ जणांच्या स्टेटसला काल आबांचा फोटो होता.

रब्बीच्या आवर्तनाचे अर्ज भरायचेत. येत्या रविवारी सकाळी आठला मी वस्तीच्या पारावर बसतोय. सातबारा आणि मागची पावती घेऊन या, तिथंच लिहून टाकू. आमदारांनाही निरोप धाडलाय. एसटीनंच या असा आमचा हट्ट नाही, गाडीनं आले तरी चालतंय. आवर्तनाच्या तारखा तेवढ्या घेऊन यावं.

आणि हो, डागाळलेली फळं काढून बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा किंवा जाळा. कैची दर झाडाला निर्जंतुक करा. माझं अर्धं रान राहिलंय, उघडीप आहे तोवर उरकतो.