फॉरमॅट मारायच्या आधी पेनड्राइव्ह अपडेट करा!



शाळेतला कॉम्प्युटर हळू चालायला लागला की आपला उपाय ठरलेला असतो, "फॉरमॅट मारून टाका." मग कपाटातली जुनी सीडी नाहीतर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज टाकायचं आणि झालं काम! माझ्या मते ही सवय आता सोडलीच पाहिजे.

असं बघा, पाठ्यपुस्तक छापल्यावर त्यात चुका सापडल्या तर शुद्धिपत्र निघतं. पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त्या छापूनच येतात. जुन्या सीडीवरचं विंडोज म्हणजे शुद्धिपत्र नसलेली पहिली आवृत्ती. सीडी बनल्यानंतर कंपनीने केलेली एकही दुरुस्ती त्यात नसते.

याने काय बिघडतं? 2003 चं उदाहरण घ्या. विंडोज एक्सपीमधल्या एका चुकीवर मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये दुरुस्ती दिली होती. ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा वर्म पसरला. जुन्या सीडीवरून नव्याने एक्सपी टाकलेला कॉम्प्युटर दुरुस्ती उतरवण्यासाठी नेटला जोडला, की तेवढ्यातच त्याची लागण व्हायची! औषध आणायला निघालेला माणूस वाटेतच आजारी पडावा, तसा प्रकार.

आपल्या कॉम्प्युटरवर मुलांची माहिती असते, यू-डायसची कामं असतात. शिवाय डेटाचा खर्च आहेच. समजा, एका कॉम्प्युटरला 2 जीबी अपडेट लागले तर दहा कॉम्प्युटरला 20 जीबी. तेही बहुतेक वेळा सरांच्या नाहीतर मॅडमच्या मोबाईल हॉटस्पॉटवरून!

उपाय जुनाच आहे, अपडेट इन्स्टॉलेशनच्या फाइलींतच मिसळून ठेवायचे. याला स्लिपस्ट्रीमिंग म्हणतात. एक्सपीच्या काळात सर्व्हिस पॅक असा मिसळता यायचा. विंडोज 7 पासून डिसम ही आज्ञा हेच काम करते. एवढं जमत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ताजी फाइल घ्या आणि 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. उबंटू वापरत असाल तर आणखी सोपं. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीच्या ताज्या फाइली ठराविक काळाने निघतात. उदाहरणार्थ, एप्रिल 2022 ची 22.04 ही आवृत्ती 22.04.5 पर्यंत आली.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कोणीतरी बनवून दिलेली 'सगळं आत असलेली' फुकट सीडी वापरू नका. तिच्यात काय काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही. आणि मुदत संपलेल्या विंडोजमध्ये जुने अपडेट मिसळले म्हणून ते सुरक्षित होत नाही. विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 ला संपली, तर विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला.

मला वाटतं, प्रत्येक केंद्रात एकाने ही जबाबदारी घ्यावी. दर तीन महिन्यांनी एक पेनड्राइव्ह ताजा करायचा, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि शिक्षण परिषदेला आणायचा. पालकांपैकी कोणी या क्षेत्रात असेल तर त्यांनी एक दुपार शाळेला द्यावी. खर्च फारसा नाही, पण मुलांचा तासिकेतला वेळ वाचेल.

तुमच्या शाळेतल्या पेनड्राइव्हवर कोणत्या सालचं विंडोज आहे? उद्या एकदा बघाच.